दीवच्या दर्यात

भारतीय नौदलाच्या चौदाव्या फ्रिगेट स्क्वाड्रनमध्ये खरं म्हणजे तीन युद्धनौका होत्या: खुकरी, कृपाण आणि कुठार. तिन्ही ब्रिटनमध्ये बांधलेल्या, एकाच आराखड्याच्या. १९७१च्या डिसेंबरात भारत-पाकिस्तान युद्धाला तोंड फुटलं आणि दोन-तीन दिवसांतच कुठारच्या बॉयलर रूममध्ये स्फोट झाला. तिला ओढत मुंबईला आणावं लागलं. त्यामुळे पाकिस्तानी पाणबुडी शोधून बुडवण्याचा हुकूम घेऊन ८ डिसेंबरला स्क्वाड्रन निघालं, तेव्हा त्यात दोनच नौका होत्या. पाणबुडीची शिकार म्हणजे घेरा टाकण्याचा खेळ; जितक्या नौका जास्त, तितका घेरा आवळता येतो. दोन नौकांचा घेरा होत नाही, फार तर रेघ होते.

त्या दोनपैकी खुकरी परतली नाही. ९ डिसेंबरच्या रात्री दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर ती बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, एकूण १९४ जण तिच्याबरोबर गेले. स्वातंत्र्यानंतर भारतीय नौदलाने शत्रूच्या हल्ल्यात गमावलेली ही एकमेव युद्धनौका. खुकरीचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. पण खुकरी तिथे का होती, इतकी हळू का चालली होती आणि तिच्या कानांना शत्रू का ऐकू आला नाही, हे त्या मानाने फार कमी सांगितलं जातं.

खुकरी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर, काउझच्या गोदीत बांधली गेली आणि १९५८च्या जुलैत भारतीय नौदलात दाखल झाली. हा 'ब्लॅकवूड' वर्ग. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी अटलांटिकमध्ये ब्रिटनच्या नाकी नऊ आणले होते. पुन्हा तशी वेळ आली तर मालवाहू जहाजांच्या तांड्यांना राखण करायला स्वस्त आणि झटपट बांधता येतील अशा छोट्या फ्रिगेट हव्यात, या हिशोबाने ब्रिटिशांनी त्या आखल्या. बाराशे टनांच्या आसपासचं वजन, एकच पंखा, ४० मिलिमीटरच्या तीन बोफोर्स तोफा आणि पाणबुडीवर बॉम्ब फेकणाऱ्या दोन 'लिंबो' तोफा. लिंबोचा पल्ला जेमतेम हजार यार्डांचा, म्हणजे एक किलोमीटरहूनही कमी. शत्रू इतका जवळ येऊ द्यायचा आणि मग त्याला मारायचं, असं हे हत्यार होतं. १९५५ साली ते उत्तम होतं. १९७१ साली समोर कोण आहे यावर सगळं अवलंबून होतं.

समोर होती 'हंगोर'. फ्रान्सकडून पाकिस्तानने घेतलेल्या तीन 'दाफने' वर्गाच्या पाणबुड्यांपैकी ही एक, १९६९च्या अखेरीस फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरात दाखल झालेली. वजन हजार टनांच्या आत-बाहेर, पण टॉर्पेडो सोडण्याच्या नळ्या बारा. बॅटरीवर चालताना आवाज जवळजवळ नाही, आणि कान अतिशय तिखट. शत्रूच्या नौकेचा आवाज तिला ज्या अंतरावरून ऐकू येई, त्या अंतरावर खुकरीच्या सोनारला हंगोरचा पत्ताही लागत नसे. कमांडर अहमद तस्नीम तिचे कप्तान होते.

हंगोर नोव्हेंबरातच कराचीहून निघून मुंबईसमोर येऊन दबा धरून बसली होती. तस्नीम यांनी पुढे जे सांगितलं त्यानुसार, २ डिसेंबरच्या रात्री भारताचा पश्चिम ताफा मुंबईतून बाहेर पडला तो थेट तिच्या डोक्यावरून. एवढी मोठी शिकार आयती चालून आलेली, पण युद्ध अजून जाहीर नव्हतं आणि गोळी झाडायची परवानगी नव्हती. हंगोर खाली गप्प राहिली. युद्ध सुरू झालं ३ डिसेंबरच्या संध्याकाळी. जेमतेम एका दिवसाचा फरक. मुंबईच्या इतिहासात या एका दिवसाची नोंद ठळकपणे व्हायला हवी होती असं वाटतं.

पुढचे चार-पाच दिवस भारतीय नौदलाचे होते. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र-नौका किलतान आणि कच्छल या नौकांच्या सोबतीने कराचीवर चालून गेल्या. 'खैबर' ही पाकिस्तानी विनाशिका निर्घातच्या क्षेपणास्त्रांनी बुडाली, 'मुहाफिझ' ही सुरुंग काढणारी नौकाही बुडाली. ८ डिसेंबरच्या रात्री विनाश या क्षेपणास्त्र-नौकेने पुन्हा कराची गाठली आणि किमाडीच्या तेलटाक्या पेटवल्या. ॲडमिरल सरदारीलाल नंदा नौदलप्रमुख होते आणि पश्चिम कमांडची सूत्रं व्हाइस ॲडमिरल एस. एन. कोहली यांच्याकडे मुंबईत होती. मुंबईकर खिडक्यांना काळे कागद डकवून, दिवे मालवून रेडिओला कान लावून बसले होते. कराचीच्या बातम्यांनी शहराची छाती फुगली होती.

या सगळ्यात हंगोर कुठेतरी होती, आणि नौदलाला ते माहीत होतं. पाणबुडी खाली असेपर्यंत मुकी असते, पण मुख्यालयाशी बोलायचं तर तिला संदेश पाठवावा लागतो. अशा संदेशांचा वेध किनाऱ्यावरच्या केंद्रांनी घेतला आणि दीवच्या नैर्ऋत्येला पाणबुडी असल्याचा अंदाज बांधला गेला. मुंबई आणि सौराष्ट्र यांच्यामधली ही वाट. कराचीकडे जाणाऱ्या-येणाऱ्या क्षेपणास्त्र-नौका याच पट्ट्यातून जात. तिथे पाणबुडी बसून राहणं परवडणारं नव्हतं. म्हणून चौदावं स्क्वाड्रन, जेवढं उरलं होतं तेवढं, तिच्या मागे लावलं गेलं.

इथे सोनारचं गणित समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. डोंगरात हाक मारून प्रतिध्वनी ऐकावा तसं हे यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि तो कशावर तरी आदळून परत येण्याची वाट पाहतं. पण समुद्राचं पाणी एकसारखं नसतं. वर उबदार, खाली गार असे थर असतात, आणि एका थरातून दुसऱ्यात जाताना आवाज वाकतो. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात हा त्रास विशेष. थराच्या खाली शिरलेली पाणबुडी वरच्या जहाजाला दिसेनाशी होते. त्यात जहाज जितकं वेगात, तितका त्याच्या पंख्याचा आणि अंगावरून घासणाऱ्या पाण्याचा गोंगाट जास्त, आणि परत येणारा बारीकसा प्रतिध्वनी त्यात हरवतो. उलट बाजूने, सोनारने सोडलेला आवाज पाणबुडीला दुरूनच ऐकू येतो. म्हणजे शोधणारा आपली जागा आपणच सांगत फिरतो.

खुकरीवर या प्रश्नावर काम करणारा एक माणूस होता. लेफ्टनंट व्ही. के. जैन हे तरुण विद्युत अधिकारी. सोनारचा पल्ला वाढावा म्हणून त्यांनी एक उपकरण तयार केलं होतं आणि त्याची चाचणी प्रत्यक्ष मोहिमेवर चालली होती. या उपकरणाला नौका संथ चालणं आवश्यक होतं. जितकी संथ, तितका कान चांगला. त्यामुळे पाणबुडीच्या टापूत असूनही खुकरी साधारण १२ नॉटच्या वेगाने चालली होती. अशा पाण्यात नौकेने वेग ठेवावा आणि सरळ न जाता नागमोडी वळणं घेत जावं, म्हणजे टॉर्पेडोचा नेम चुकतो, असा जुना दंडक आहे. तो त्या रात्री पाळला गेला नाही.

यावर नौदलाच्या वर्तुळात पुढे खूप चर्चा झाली. प्रयोग युद्धाच्या मैदानात का केला, असा सरळ सवाल विचारणारे आहेत. पण थोडा वेळ त्या ब्रिजवर उभं राहून पाहिलं, तर दुसरी बाजूही दिसते. जुन्या सोनारने वेगात गेलं तर हंगोर सापडण्याची शक्यता जवळजवळ शून्य होती. संथ चाललं तर सापडण्याची थोडी आशा होती, आणि आपण सापडण्याचा धोका दुप्पट. दोन्ही वाटा वाईट होत्या. हाताशी होत्या त्याच त्या. त्या वर्षी पाणबुडीविरोधी सी किंग हेलिकॉप्टरं नौदलात नुकतीच दाखल झाली होती, पण दीवच्या समुद्रात त्या रात्री खुकरीच्या डोक्यावर एकही नव्हतं.

९ डिसेंबरला पहाटेच हंगोरने या दोन नौकांचा आवाज टिपला होता. दिवसभर ती त्यांच्या मार्गाचा अंदाज घेत गेली. नौका ठरावीक आयतात गस्त घालत होत्या, त्यामुळे पुढे कुठे असतील हे बांधता येत होतं. संध्याकाळी हंगोर त्यांच्या वाटेत येऊन थांबली. तस्नीम यांनी आधी पेरिस्कोपने पाहण्याचा प्रयत्न केला, पण काळोख होता आणि दोन्ही नौकांवर दिवे बंद. काही दिसेना. मग त्यांनी पाणबुडी खाली नेली आणि नुसत्या आवाजावर नेम धरायचं ठरवलं. पहिला टॉर्पेडो कृपाणवर सोडला. तो तिच्या खालून निघून गेला, फुटला नाही. दुसरा खुकरीवर.

खुकरीवर रात्रीचे पावणेनऊ वाजत आले होते. आकाशवाणीच्या हिंदी बातम्यांची वेळ. वाचलेल्या लोकांनी सांगितलेल्या आठवणींत ही गोष्ट पुन्हा पुन्हा येते: पहाऱ्यावर नसलेले बरेचसे लोक खाली जेवणघरात जमले होते आणि बातम्या ऐकत होते. पूर्वेकडे सैन्य ढाक्याच्या दिशेने सरकत होतं, कराची पेटली होती, बातम्या चांगल्या होत्या. स्फोट झाला तेव्हा दिवे गेले आणि नौका एका बाजूला कलू लागली.

युद्धनौका बाहेरून मोठी दिसते, आत मात्र ती अरुंद जिन्यांची आणि पोलादी दारांची बनलेली असते. पाणी एका खणातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून युद्धात ही दारं घट्ट लावलेली असतात. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायचं तर उभ्या शिडीवरून, छातीएवढ्या झडपेतून. दिवसा, शांत समुद्रात दोनशे माणसं खालून वर यायची म्हणजेही काही मिनिटं लागतात. इथे मिनिटंच नव्हती. नौका दोन मिनिटांत गेली असं तस्नीम म्हणतात. वाचलेल्यांपैकी काहींना ती थोडी जास्त वाटली. फरक असलाच तर थोड्या मिनिटांचा. अंधारात, कललेल्या शिडीवर, खालून पाणी चढत असताना ज्यांना वर येता आलं ते आले. इंजिन रूममध्ये आणि बॉयलर रूममध्ये पाळीवर असलेल्यांना पुरेसा वेळ मिळालाच नसावा.

ब्रिजवर कॅप्टन मुल्ला होते. वय ४५, जन्म गोरखपूरचा, १९४६ साली कॅडेट म्हणून नौदलात आलेले. जहाज सोडण्याचा हुकूम त्यांनी दिला आणि जेवढे लोक निघतील तेवढे निघावेत म्हणून ते तिथेच थांबले. महावीर चक्राच्या मानपत्रात लिहिलं आहे की त्यांनी आपलं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं, शक्य तितक्यांना जहाजाबाहेर काढलं, आणि आणखी काही करता येईल का पाहायला ते परत ब्रिजवर गेले. पाण्यात असलेल्यांपैकी काहींनी त्यांना शेवटचं पाहिलं ते ब्रिजवरच्या आपल्या खुर्चीत बसलेले, हातात सिगारेट. हे चित्र इतकं ठसठशीत आहे की त्याने त्या रात्रीचं बाकी सगळं झाकून टाकलं. कप्तानाने जहाजाबरोबर बुडावं हा काही नौदलाचा नियम नाही, ती परंपरा आहे, आणि तिच्याबद्दल मतभेद असू शकतात. अनुभवी अधिकारी वाचला असता तर नौदलाला उपयोग झाला असता, असं म्हणणारेही आहेत. पण जेवढ्यांना त्यांनी स्वतः ढकलून पाण्यात उतरवलं, त्यांच्याशी या वादाबद्दल कुणी बोलायला जाऊ नये.

पाण्यावर तेलाचा थर पसरला होता. ते डोळ्यांत जात होतं, घशात जात होतं. बुडणारं जहाज आजूबाजूचं पाणी आपल्याबरोबर खाली ओढतं, त्यामुळे जे उडी मारून दूर पोहू शकले नाहीत तेही गेले. तराफे होते, पण सगळ्यांना पुरतील इतके वेळेत मोकळे झाले नव्हते. उरलेले लोक त्यांना धरून, एकमेकांना हाका मारत रात्रभर तरंगत राहिले.

कृपाण त्यांना सोडून गेली. हे वाक्य लिहायला सोपं आहे, म्हणूनच ते जपून वाचायला हवं. खुकरी बुडाल्यावर कृपाणने हल्ल्याचा प्रयत्न केला, पण तिच्या लिंबो तोफेत बिघाड झाला. हंगोरने तिच्यावरही टॉर्पेडो सोडला. कृपाण वेग वाढवून तिथून निसटली. पाण्यात आपले सहकारी असताना निघून जाणं कुठल्याही नाविकाला सोपं नसतं. पण थांबलेल्या जहाजाचं काय होतं, याचा धडा नौदलांना १९१४ साली मिळाला होता. त्या वर्षीच्या २२ सप्टेंबरला उत्तर समुद्रात 'यू-९' या जर्मन पाणबुडीने 'अबूकिर' ही ब्रिटिश क्रूझर बुडवली. बुडणाऱ्यांना वाचवायला 'होग' थांबली, तीही बुडाली. 'क्रेसी' थांबली, तीही गेली. तासा-दीड तासात तीन जहाजं आणि चौदाशेहून अधिक माणसं. पाणबुडी पाण्याखाली असताना माणसं उचलायला थांबू नये, हा नियम तेव्हापासूनचा आहे. तो निर्दय आहे, आणि कृपाणने तो पाळला. कृपाणवर पुढे टीका झाली, तिच्या बाजूनेही लिहिलं गेलं. वाद आजही मिटलेला नाही. त्या रात्री कृपाण थांबली असती आणि हंगोरचा पुढचा टॉर्पेडो बरोबर लागला असता, तर १९४ हा आकडा कितीवर गेला असता, याचा विचार टीकेत क्वचित दिसतो.

दुसऱ्या दिवशी मदत आली ती कच्छलची. हीच कच्छल सहा दिवसांपूर्वी कराचीवरच्या हल्ल्यात क्षेपणास्त्र-नौकांबरोबर गेली होती. तिने ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिकांना समुद्रातून उचललं. तेलाने काळवंडलेले, थकलेले हे ६७ लोक मुंबईला आणले गेले. बाकीच्यांचे देह मिळाले नाहीत. खुकरी अजूनही तिथेच समुद्रतळाशी आहे.

हंगोरचा पाठलाग चार दिवस चालला. नौका, विमानं, हेलिकॉप्टरं, सगळं तिच्या मागे लावलं गेलं. पाकिस्तानी कथनानुसार तिच्यावर दीडशेहून अधिक पाणसुरुंगी बॉम्ब टाकले गेले. ती तळाशी दबून राहिली, हळूहळू सरकत गेली आणि कराचीला सुखरूप पोचली. या शोधात भारताने आणखी तिघे गमावले. १० डिसेंबरला नौदलाचं एक 'आलिझे' विमान पाकिस्तानी स्टारफायटर लढाऊ विमानाने पाडलं, आणि त्यातले तीनही वैमानिक-कर्मचारी समुद्रात गेले. १९४च्या आकड्यात ते येत नाहीत. खुकरीच्या स्मरणात त्यांचं नावही फारसं घेतलं जात नाही, वास्तविक ते हंगोरच्याच मागे गेले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धात जहाज बुडवण्याची ही जगातली पहिली घटना. दुसरी व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला: १९८२च्या मे महिन्यात फॉकलंड युद्धात ब्रिटनच्या 'काँकरर' या अणुपाणबुडीने अर्जेंटिनाची 'जनरल बेलग्रानो' बुडवली, ३२३ जण गेले. 

त्या डिसेंबरात समुद्राने एकाच देशाची माणसं घेतली नाहीत. खैबर बुडाली तेव्हा तिच्यावरचे दोनशेहून जास्त लोक गेले. 'गाझी' ही पाकिस्तानची सर्वात मोठी पाणबुडी ३ डिसेंबरच्या मध्यरात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली, तीही ९३ जणांना घेऊन. ही मूळची अमेरिकन 'डायब्लो', १९४४ची. भारताच्या विक्रांत या विमानवाहू नौकेला शोधत ती बंगालच्या उपसागरात आली होती. भारत म्हणतो की राजपूत या विनाशिकेच्या बॉम्बनी ती फुटली, पाकिस्तान म्हणतो की तिच्याच सुरुंगांचा किंवा आतला स्फोट झाला. मच्छिमारांना पाण्यावर तरंगणारं लाइफ जॅकेट सापडलं, तेव्हा काय बुडालं ते कळायला सुरुवात झाली. तिचे अवशेष अजून बंदराबाहेरच्या पाण्यात आहेत. खुकरी आणि गाझी, दोन्हींचे लोक दुसऱ्या देशाच्या नकाशावर विजय म्हणून नोंदले गेले.

भारतीय नौदल दिन ४ डिसेंबरला साजरा होतो, कराचीवरच्या हल्ल्याच्या स्मरणार्थ. मुंबईच्या नौदल गोदीतल्या गौरवस्तंभावर त्या दिवशी पुष्पचक्रं वाहिली जातात. त्यानंतर पाच दिवसांनी, ९ डिसेंबरला, पाकिस्तानी नौदल 'हंगोर दिन' पाळतं. हंगोर २००६ साली निवृत्त झाली आणि कराचीच्या सागरी संग्रहालयात ठेवली आहे. शाळेच्या सहली तिच्यातून फिरून येतात. तस्नीम व्हाइस ॲडमिरल म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या मुलाखतींत खुकरीबद्दल बढाई कमी आणि तांत्रिक तपशील जास्त आढळतो, हे मुद्दाम नोंदवायला हवं.

भारतात खुकरीची आठवण व्हायला वेळ लागला. दीवमध्ये, समुद्राकडे तोंड करून एका टेकाडावर तिचं स्मारक १९९९च्या डिसेंबरात उभं राहिलं: काचेच्या घरात तिची प्रतिकृती आणि खाली समुद्र. तिच्यावर सविस्तर पुस्तक २००६ साली आलं, तेही नौदलातल्या माणसाने लिहिलेलं नव्हे. ते लिहिलं मुंबईत जन्मलेल्या, गोरखा रायफल्सच्या मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी. १९७१च्या याच युद्धात, बांगलादेशात सुरुंगावर पाय पडल्यावर त्यांनी चिरडलेला पाय स्वतःच्या खुकरीने तोडून टाकला होता. बुडालेल्या खुकरीच्या वाचलेल्या लोकांना आणि कुटुंबांना भेटून त्यांच्या आठवणी त्यांनी गोळा केल्या. नसत्या केल्या, तर जेवणघरातल्या बातम्या आणि शिडीवरचा अंधार कुणाला कळला नसता.

नाव पुढे चालवण्याची नौदलाची रीत आहे. नवी खुकरी माझगाव गोदीत बांधली गेली, भारतात बांधलेली ही पहिली क्षेपणास्त्र-कॉर्व्हेट. १९८९च्या २३ ऑगस्टला ती सेवेत आली तेव्हा कॅप्टन मुल्ला यांच्या पत्नी सुधा मुल्ला समारंभाला उपस्थित होत्या. तीस वर्षांहून जास्त काळ राबून २०२१च्या डिसेंबरात ती विशाखापट्टणमला निवृत्त झाली आणि दीव प्रशासनाच्या हवाली करण्यात आली.

पण खुकरीचा खरा पाठपुरावा स्मारकांपेक्षा एका प्रयोगशाळेत झाला. आरोग्यस्वामी पॉलराज हे नौदलाचे तरुण अधिकारी. पंधराव्या वर्षी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आले, पुढे लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली. १९७१च्या सुमारास ते दिल्लीच्या आयआयटीत संशोधन करत होते. खुकरी बुडाल्यावर नौदलाने त्यांना विचारलं की आपल्या जुन्या ब्रिटिश सोनारचा कान सुधारता येईल का. खुकरीवर हल्ल्यासाठी जो सोनार होता, त्याच्याच कुळातलं ते यंत्र. पॉलराज यांनी त्यातल्या संकेतांची छाननी करण्याची पद्धत बदलली. समुद्राच्या गोंगाटातून प्रतिध्वनी वेगळा काढण्याचं गणित त्यांनी नव्याने मांडलं, आणि सुधारलेला सोनार नौदलाच्या नौकांवर बसला.

तिथून पुढे कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली संपूर्ण भारतीय बनावटीचा सोनार तयार झाला, नाव 'अप्सोह'. १९८३ साली त्याची चाचणी झाली ती 'हिमगिरी' या फ्रिगेटवर. ही हिमगिरीही माझगाव गोदीतलीच. नंतर पॉलराज अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले. अनेक अँटेनांमधून एकाच वेळी संकेत पाठवण्या-घेण्याची त्यांची कल्पना आज मोबाइल फोन आणि वायफायमध्ये सर्रास वापरली जाते. लेफ्टनंट जैन यांच्या उपकरणाची जागा घेणारं यंत्र भारतीय नौकांवर यायला खुकरीनंतर बारा वर्षं लागली.